संवाद सहायक : स्वयं शिक्षण प्रयोगाची किल्लारीपासूनची वाटचाल

स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था किल्लारीच्या भूकंपातून जन्माला आली, असा मराठवाड्यात अनेकांचा समज आहे. तो स्वाभाविकही आहे, कारण संस्थेची स्वतंत्र नोंदणी १९९८ची आणि तिची सारी ओळख लातूर-उस्मानाबादच्या गावांत घडलेली. पण मूळ शोधायचे तर मुंबईला, भायखळ्याच्या फुटपाथवर जावे लागते. १९८४ मध्ये स्पार्क ही संस्था सुरू झाली. शीला पटेल, प्रेमा गोपालन आणि त्यांचे सहकारी फुटपाथवर झोपडी टाकून राहणाऱ्या बायकांमध्ये काम करू लागले. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर या झोपड्यांवर हातोडा पडणार अशी स्थिती आली. तेव्हा या मंडळींनी एक साधे पण दूरगामी काम केले. झोपडीवासीयांनाच बरोबर घेऊन त्यांनी फुटपाथवरच्या घराघराची नोंद केली : माणसे किती, कुठून आली, काय कामधंदा करतात. सरकारदरबारी ज्यांचा कुठे उल्लेखच नव्हता, त्यांची मोजणी त्यांच्याच मदतीने झाली.

ही गोष्ट इथे मुद्दाम सांगितली, कारण पुढे किल्लारीत जे घडले त्याचे बी या मोजणीत होते. ज्याचे घर, त्यानेच ते मोजावे आणि त्याबद्दल बोलावे, हा स्पार्कचा धडा घेऊन १९८०च्या दशकाअखेरीस प्रेमा गोपालन ग्रामीण महाराष्ट्रातल्या महिला मंडळांकडे वळल्या. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ हे त्या कामाचे नाव. एका गावच्या बायकांनी दुसऱ्या गावी जावे, तिथे काय चालले आहे ते पाहावे, आपल्या गावी येऊन करून बघावे, एवढाच त्याचा अभ्यासक्रम होता.

मग ३० सप्टेंबर १९९३ उजाडला, खरे तर उजाडायच्या आतच सगळे झाले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. रात्री उशिरापर्यंत गणपती विसर्जन करून गावे झोपी गेली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. तीव्रता सहाच्या थोडी वर होती. जगात याहून कितीतरी मोठे भूकंप होतात आणि त्यांत इतकी माणसे मरत नाहीत. किल्लारी, सास्तूर, होळी, नांदुर्गा, मंगरूळ, राजेगाव, पेठसांगवी अशा तेरणाकाठच्या आणि आसपासच्या गावांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाचे केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हते, हे एक कारण. दुसरे कारण प्रत्येकाच्या डोक्यावर होते.

ते म्हणजे माळवद. मराठवाड्यातल्या वाचकाला माळवद समजावून सांगायला नको, पण आज शहरात वाढलेल्या पिढीसाठी सांगतो. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, दगड एकमेकांत गुंफायला चिखल, वर लाकडाचे खण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात असे घर गार राहते. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पडते आणि पिढ्यानपिढ्या वजन वाढत जाते. भिंतीचा बाहेरचा पदर आणि आतला पदर यांना जोडणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. हादरा बसला तशा भिंती फुगल्या, फुटल्या आणि मातीसकट माळवद खाली आले. काही घरांत खणाचे लाकडी खांब जागेवर उभे राहिले आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. जुन्या सुतारांचे हे शहाणपण होते, पण त्याची दखल नंतर फारशी कुणी घेतली नाही, याची खंत वाटते.

हा प्रदेश भूकंपाच्या नकाशात तेव्हा सर्वांत सुरक्षित पट्ट्यात, पहिल्या विभागात मोडत होता. १९९२च्या ऑगस्टपासून किल्लारी परिसरात धक्के जाणवत होते, ऑक्टोबरात एक जोराचाही बसला होता. लोक काही महिने भेदरून राहिले. धक्के थांबले आणि माणसे पुन्हा घरात झोपू लागली.

मराठवाड्याचे विभागीय मुख्यालय असलेले आपले छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचे औरंगाबाद, किल्लारीपासून तीनशेहून अधिक किलोमीटरवर. तरी मदतीचा ओघ इथून, पुण्या-मुंबईहून, देशभरातून तिकडे गेला. पहिल्या आठवड्यांत लष्कर, सरकारी यंत्रणा आणि हजारो स्वयंसेवकांनी जे केले, त्याला तोड नाही. मराठवाड्यातल्या स्वयंसेवी क्षेत्राचा चेहराच त्या काळात बदलला. उस्मानाबाद जिल्ह्यात हराळीला ज्ञान प्रबोधिनीने काम मांडले आणि तिथे शाळा उभी राहिली. नळदुर्गजवळ ‘आपलं घर’मध्ये पन्नालाल सुराणांनी पोरक्या झालेल्या मुलांना आसरा दिला. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथा यांनी भूकंपग्रस्त भागातल्या सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. अणदूरच्या डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनचे आरोग्याचे काम या भागात रुजले. अंबाजोगाईला डॉ. द्वारकादास लोहिया यांचे मानवलोक आधीपासून होतेच. या प्रत्येकावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. इथे स्वयं शिक्षण प्रयोगावर लिहितो आहे, कारण या संस्थेने हाती घेतलेला प्रश्न वेगळा होता आणि आजही तो सुटलेला नाही : मदत संपल्यावर काय?

सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ मध्ये महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. त्याचे दोन मोठे भाग होते. जी ५२ गावे पार जमीनदोस्त झाली होती, ती नव्या जागी वसवायची. आणि तेरा जिल्ह्यांत पसरलेली, तडे गेलेली, अर्धवट पडलेली सुमारे १ लाख ९० हजार घरे दुरुस्त आणि मजबूत करायची. वर्तमानपत्रांचे, देणगीदारांचे आणि पुढाऱ्यांचे लक्ष ५२ गावांवर होते. तिथे कोनशिला बसत होत्या, देणगीदार संस्थांच्या नावाच्या पाट्या लागत होत्या. जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे ठरली. भूमिहीनाला लहान, मोठ्या शेतकऱ्याला मोठे. म्हणजे जुनी विषमता सिमेंटमध्ये पक्की झाली. चौकटीत आखलेले रुंद रस्ते, सलग रांगा, शेतापासून दूर गेलेली वस्ती. वाड्यातले अंगण गेले, गोठा गेला, शेजार बदलला. घरे भक्कम मिळाली हे खरेच, आणि ते थोडे नव्हे. पण गाव कसे असावे हे गावाला पुरेसे विचारले गेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या भागाकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष नव्हते. इथे कुणी ठेकेदार येऊन घर बांधून देणार नव्हता. अनुदान हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या नावावर जमा होणार, साहित्य त्याने आणायचे, गवंडी त्याने शोधायचा आणि अभियंत्याने येऊन पाहिल्यावर पुढचा हप्ता सुटायचा. कागदावर ही पद्धत उत्तम होती. प्रत्यक्षात एका कनिष्ठ अभियंत्याकडे कितीतरी गावे. यादीत नाव आहे की नाही हे कुणाला माहीत नाही. घराचे नुकसान कोणत्या श्रेणीत धरले, का धरले, याचा पत्ता नाही. आणि दगडाची धास्ती अशी बसलेली की घरात पाऊल टाकायची छाती होत नव्हती. कितीतरी कुटुंबे अनेक महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. ज्या दगडाने माणसे मारली, तोच दगड पुन्हा रचायला सांगणाऱ्या साहेबावर विश्वास कुणी ठेवावा?

इथे स्वयं शिक्षण प्रयोगाची भूमिका सुरू होते. दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या भागात लोकसहभाग घडवून आणण्याची जबाबदारी शासनाने संस्थेवर सोपवली. मोठे कार्यालय थाटून, शहरातून शिकलेले कार्यकर्ते आणून हे काम करता आले असते. प्रेमा गोपालन यांनी गावातली महिला मंडळे शोधली. बरीचशी कागदावरची होती, कुठल्यातरी योजनेपुरती निघालेली आणि झोपलेली. त्यांनाच जागे करून प्रत्येक गावात एका बाईला ‘संवाद सहायक’ म्हणून उभे करायचे, असे ठरले. शासनाने या पदाला मान्यता दिली. हजाराहून अधिक गावांत हे जाळे पसरले.

संवाद सहायक करायची काय? गावसभेत लाभार्थ्यांची यादी वाचून दाखवायची. ज्याचे नाव सुटले त्याचा अर्ज तालुक्याला न्यायचा. बँकेत खाते उघडायला बरोबर जायचे. अनुदानाचा हप्ता कशासाठी आहे, तो लग्नात किंवा सावकाराच्या हप्त्यात गेला तर पुढचा मिळणार नाही, हे घरोघरी सांगायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे, बांधकाम पाहायचे. जोत्याच्या पातळीवर आणि दारा-खिडक्यांच्या वर काँक्रीटचा पट्टा घातला आहे का, कोपऱ्यात सळई वळवली आहे का, दगडी भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड आहे का, माळवदावरची जादा माती उतरवली का, खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरप्या पट्ट्या ठोकल्या का. सिमेंटवर पाणी किती दिवस मारायचे, हेसुद्धा. चौथी-सातवी शिकलेल्या, काही तर अक्षरओळख नसलेल्या बायका हे शिकल्या आणि गवंड्याला हटकू लागल्या.

हे लिहायला सोपे आहे. ज्या गावांत बाईने चावडीसमोरून जाताना पदर पुढे ओढायचा, त्या गावांत तिने पुरुषाच्या घराची भिंत मोजायची, ही केवढी उलथापालथ होती याची कल्पना करावी. सरपंचांना ते रुचले नाही, काही घरांत सासऱ्यांनी बंदी घातली, ठेकेदारी करणाऱ्यांचे हितसंबंध दुखावले. तरी हे टिकले. त्याचे कारण मला असे दिसते की, बाईच्या हातात माहिती होती आणि ती माहिती गावातल्या प्रत्येक घराला हवी होती. यादी जिच्याजवळ, तिचे दार कोण टाळणार?

काळही अनुकूल होता. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी, भूकंपाच्या पाचच महिने आधी अमलात आली होती. पंचायतीत बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या होत्या. अनेक गावांत त्या जागा नावापुरत्या भरल्या जात होत्या. जिथे संवाद सहायक होती, तिथे गावसभेत बोलण्याचा, तहसीलदारासमोर उभे राहण्याचा सराव झालेली बाई तयार होती. यातल्या काही जणी पुढे पंचायतीत निवडून गेल्या.

सगळे यशच होते असे सांगणे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही. दगडी घरे मजबूत करून वापरावीत, ही तज्ज्ञांची अपेक्षा पुरती साधली नाही. बहुतेकांनी अनुदानातून विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली, रात्री तिथे झोपू लागले आणि जुने घर धान्य-सरपणाला ठेवले. लोकांच्या मनातली भीती तंत्रज्ञानाच्या पुस्तकाने जात नाही. पण ती एक खोली तरी नियमाप्रमाणे बांधली गेली पाहिजे, एवढी दक्षता या बायकांनी घेतली. माझ्या मते पुनर्वसनाच्या त्या अवाढव्य कार्यक्रमात एवढ्या कमी खर्चात एवढे टिकाऊ काम दुसरे झाले नाही.

१९९८च्या सुमारास कार्यक्रम संपत आला. सामान्यतः अशा वेळी संस्था गाशा गुंडाळते किंवा पुढच्या प्रकल्पामागे जाते. इथे उलट झाले. त्याच वर्षी संस्थेची स्वतंत्र नोंदणी झाली आणि संवाद सहायकांच्या जाळ्यातून बचत गट उभे राहू लागले. गटांचे संघ झाले, त्यांना ‘सखी’ हे नाव मिळाले. बचत, कर्ज, मग छोटे व्यवसाय, गावातले आरोग्य पाहणाऱ्या आरोग्य सख्या, निर्धूर चुलींची विक्री, असा पसारा वाढला. त्याचा तपशील संस्थेच्या अहवालांत आहे, म्हणून इथे थांबत नाही.

थांबायचे आहे ते २००१वर. २६ जानेवारीला कच्छमध्ये भूकंप झाला. तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका कच्छला गेल्या. बरोबर कपड्यांची गाठोडी नव्हती. त्या तिथल्या बायकांशेजारी बसल्या आणि आपल्यावर काय गुजरले ते बोलल्या. भाषा वेगळी होती, दुःख तेच. सरकारी यादी लागेल तेव्हा काय पाहायचे, हप्ता कधी मागायचा, कोणता कागद अंगठा लावण्यापूर्वी वाचून घ्यायचा, पत्र्याच्या शेडमध्ये पहिला पावसाळा कसा काढायचा, हे आठ वर्षांपूर्वी त्यातून गेलेली बाईच सांगू शकते. शहरातला तज्ज्ञ हे सांगू शकत नाही आणि सांगितले तरी समोरच्या बाईला ते पटत नाही. त्याआधी १९९९ साली तुर्कस्तानात मोठा भूकंप झाला होता. तिथल्या महिला संघटनांशीही लातूरच्या बायकांची देवाणघेवाण झाली. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर नागपट्टिनम, कडलूर भागात संस्थेने काम उभे केले. औसा-उमरग्याच्या काळ्या रानातली बाई समुद्रकाठच्या कोळणीला गावसभा कशी भरवायची ते सांगते आहे, हे चित्र मराठवाड्याने अभिमानाने सांगावे असे आहे. आपण ते सांगत नाही. मराठवाडा म्हटले की मदत मागणारा प्रदेश, हेच चित्र बाहेर जाते. या स्मरणिकेच्या निमित्ताने ही नोंद ठळक व्हावी, अशी माझी फार इच्छा होती.

पुढची आपत्ती आवाज न करता आली. २०१२पासून मराठवाड्यात दुष्काळाची वर्षे वारंवार आली. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. सोयाबीन आणि उसावर सगळा डाव लावलेली शेती कोलमडत होती. दुष्काळात घराला पोसायची जबाबदारी बाईची, पण शेतात काय पेरायचे हे ठरवण्यात तिला वाव नाही. संस्थेने इथे पुन्हा तोच प्रश्न विचारला : जिचे पोट आणि जिची चूल, तिला निर्णय का नाही? नवऱ्याकडून अर्धा-एक एकर रान मागून घ्यायचे आणि त्यात घरासाठी ज्वारी-बाजरी, डाळी, भाजीपाला लावायचा, घरचे बी, गांडूळखत, थेंबाथेंबाने पाणी. बाजारात विकायचे ते उरलेले. ‘एक एकर शेती’ म्हणून ही पद्धत ओळखली जाऊ लागली. सुरुवातीला घरच्यांनी खडकाळ, पडीक तुकडेच दिले. बायकांनी तेही घेतले. नगदी पीक बुडाले त्या वर्षी घरात डाळ आणि भाजी या तुकड्यातून आली, तेव्हा पुरुषांचा विरोध मावळू लागला. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे या कामातल्या आघाडीच्या कार्यकर्त्या. त्यांच्या जीवनावर चित्रकथाही निघाली आहे. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार संस्थेला मिळाला, तो याच कामासाठी.

किल्लारीनंतरची घरदुरुस्ती आणि दुष्काळातली शेती ही दोन वेगळी कामे दिसतात. माझ्या नजरेत ते एकच काम आहे. दोन्हीकडे आधी माहिती बाईच्या हाती आली, मग जागा आणि मग निर्णय. म्हणून आपत्ती बदलली तरी संस्थेने पद्धत बदलली नाही.

प्रेमा गोपालन २०२२ मध्ये गेल्या. आपल्या भागात त्यांचे नाव जितके घेतले जायला हवे होते तितके घेतले गेले नाही. त्या व्यासपीठावर मागे आणि गावच्या बायकांना पुढे ठेवत, हेही त्याचे एक कारण असावे. त्यांच्या पश्चात काम चालू आहे आणि ते चालवणाऱ्यांत भूकंपानंतर घडलेल्या फळीतल्या गावच्या बायका आहेत.

आता आपल्याकडे वळतो. २०२५च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यावर पाणी कोसळले. तेरणा, सीना, मांजरा, सिंदफणा यांनी काठ सोडले, जायकवाडीचे दरवाजे उघडावे लागले आणि पैठणच्या गोदाकाठी माणसांना घरे सोडावी लागली. पिकांबरोबर कित्येक ठिकाणी रानातली मातीच वाहून गेली. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. शहरातून किराणा, चादरी, जनावरांचा चारा घेऊन गाड्या गेल्या. संभाजीनगरच्या अनेक संस्थांनी, मंडळांनी मनापासून काम केले. पण पंचनामा झाला त्या दिवशी घरात फक्त म्हातारी होती म्हणून यादीतून सुटलेले घर, नवऱ्याच्या नावावर सातबारा असल्याने कुठेच नोंद न झालेली एकटी बाई, वाहून गेलेल्या शेळ्यांचा पुरावा नसलेला भूमिहीन मजूर, यांच्यासाठी कोण उभे राहिले? गाडी रिकामी करून परत आलेल्या स्वयंसेवकाला ते माहीत होण्याचा मार्ग नव्हता. गावातच कुणीतरी यादी हातात धरून बसलेले असायला हवे होते.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना, विशेषतः शहरातल्या संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना, एक विनंती आहे. पुढच्या पावसाळ्याआधी पैठण, गंगापूर आणि वैजापूर तालुक्यांतल्या गोदाकाठच्या गावांत जावे. तिथे बचत गट आहेत, त्यांच्या अध्यक्षा आहेत, हिशेब लिहिणाऱ्या मुली आहेत. प्रत्येक गावात अशा दोघी-तिघींना पंचनाम्याचे नियम, मदतीचे निकष आणि अर्जाची रीत शिकवून ठेवावी. घरे, माणसे आणि जनावरे यांची नोंद त्यांच्याकडूनच करून घ्यावी आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. शिकवायला माणसे हवी असतील तर लातूर आणि धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यांत ती आहेत, त्यांना बोलवावे.